‘दाढ नसेजवळ आहे’ म्हणजे काय? अक्कलदाढ काढण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

खालच्या अक्कलदाढेचा एक्स-रे उजेडासमोर धरून दाताचे डॉक्टर म्हणतात, ‘‘मुळं नसेला लागून दिसताहेत, एकदा सावंगीच्या दंत महाविद्यालयात दाखवून घ्या.’’ वर्ध्याजवळच्या सेलूच्या बाजारातून घरी पोचेपर्यंत या एका वाक्याचे चार अर्थ झालेले असतात. शेजारी म्हणतात, नस दुखावली तर तोंड वाकडं होतं. आजी म्हणते, दाढ उपटली की नजर जाते. मोठा भाऊ म्हणतो, सोयाबीन निघू दे, मग पाहू. मग लवंगेच्या तेलावर आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर दिवस निघतात, चिठ्ठी कपाटात पडून राहते. काही महिन्यांनी तोच माणूस गाल सुजलेल्या अवस्थेत रुग्णालयात पोचतो तेव्हा तोंडात दोन बोटंही शिरत नाहीत आणि काम आधीपेक्षा अवघड झालेलं असतं.

दाढ नसेजवळ आहे याचा अर्थ ती काढायचीच नाही, असा नाही. ती किती जवळ आहे आणि कोणत्या बाजूने, हे आधी पाहायचं असतं. त्यावरून दाढ काढायची की ठेवायची, काढायची तर कुणी आणि कोणत्या पद्धतीने, हे ठरतं. यातलं बरंचसं दाढेला हात लावण्याआधी कळू शकतं. म्हणूनच रुग्णाने ते समजून घ्यावं आणि खुर्चीत बसण्याआधी प्रश्न विचारावेत.

खालच्या जबड्याच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक बोगदा असतो. कानाच्या खाली जबड्याचा जो उभा भाग हाताला लागतो, त्याच्या आतल्या अंगाला एक छिद्र आहे. मेंदूकडून आलेली नस तिथून हाडात शिरते, दाढांच्या मुळांखालून पुढे सरकते आणि उपदाढांच्या खाली दुसऱ्या छिद्रातून बाहेर येते. बोगद्याची रुंदी साधारण ३ मिलिमीटर. त्यात नसेच्या सोबतीला रक्तवाहिन्याही असतात. वाटेत ही नस त्या बाजूच्या खालच्या सगळ्या दातांना फांद्या देते आणि बाहेर पडल्यावर खालचा ओठ, हनुवटी आणि पुढच्या हिरडीची संवेदना सांभाळते. दाढेसाठी बधिरतेचं इंजेक्शन घेतलेल्या प्रत्येकाला अर्धा ओठ जड झाल्याचा, सुजल्यासारखा वाटल्याचा अनुभव असतो. औषध सोडलेलं असतं पार मागे, नस हाडात शिरते त्या छिद्रापाशी, आणि बधिर होतो पुढचा ओठ, तो याच वाटेमुळे.

शेतात विहिरीपासून पाइपलाइन पुरलेली असली, तर नांगर खोल लावण्याआधी ती कुठून गेली आहे हे शेतकरी विचारून घेतो. दाढ काढण्याआधीचा एक्स-रे त्याच कामाचा.

आता आजीच्या आणि शेजाऱ्यांच्या भीतीकडे. चेहऱ्याची संवेदना वाहणारी मोठी नस कवटीच्या आतच तीन शाखांत फुटते. एक डोळा आणि कपाळाकडे जाते, दुसरी वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. दाढांखालच्या बोगद्यातली नस ही तिसरीची फांदी. तिचा डोळ्याशी संबंध नाही, आणि दृष्टीची नस तर पूर्णपणे वेगळीच आहे. त्यामुळे खालची असो की वरची, दाढ काढल्याने नजर कमी होत नाही. दाढा काढायची वेळ अनेकांवर चाळिशीनंतर येते आणि चष्माही त्याच वयात लागतो, त्यामुळे या समजाला बळ मिळत असावं. तोंड वाकडं होण्याचंही तसंच. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस निराळी. ती कानाखालून गालात पसरते, जबड्याच्या बोगद्यात येत नाही. क्वचित इंजेक्शनचं औषध मागे सरकून तिच्यापर्यंत पोचतं आणि त्या बाजूचा डोळा काही तास नीट मिटत नाही. औषध उतरलं की ते जातं.

खरा धोका वेगळा आहे. नस दाबली, ताणली किंवा कापली गेली तर त्या बाजूचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर राहते, मुंग्या येतात, काहींना जळजळीसारखी वेदना होते. ओठ हलतो, बोलणं होतं, आरशात चेहरा जसाच्या तसा दिसतो. म्हणून घरच्यांना वाटतं, काही झालेलंच नाही. पण चहा ओठाला भाजला तरी कळत नाही, वरणाचा थेंब हनुवटीवर ओघळलेला दुसऱ्याने सांगावा लागतो, दाढी करताना कापलेलं रक्त दिसल्यावर लक्षात येतं. अशा माणसाला ‘थोडं बधिर आहे, त्यात काय’ म्हणून उडवून लावणं बरोबर नाही.

हा धोका किती? खालची अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढलेल्या शंभर जणांपैकी साधारण एक ते पाच जणांना काही काळ ओठाची बधिरता येते, आणि कायमची राहणाऱ्यांचं प्रमाण शंभरात एकाहून कमी, असं निरनिराळ्या देशांतले अभ्यास ढोबळमानाने सांगतात. पण ही सरासरी झाली. ज्यांची मुळं बोगद्यापासून लांब आहेत त्यांच्यासाठी धोका नगण्य आहे आणि ज्यांची मुळं बोगद्याला भिडलेली आहेत त्यांच्यासाठी सरासरीच्या कितीतरी वर. म्हणून ‘शंभरात किती’ हे ऐकून समाधान मानण्यापेक्षा ‘माझ्या फोटोत काय दिसतं’ हे विचारावं.

सगळे खालचे दात या नसेपासून सारख्या अंतरावर नसतात. बोगदा मागून पुढे जाताना वरखाली होतो, शिवाय तो गालाच्या बाजूकडून जिभेच्या बाजूकडे आणि पुन्हा गालाकडे असा वळतो. सर्वांत जवळ असते ती अक्कलदाढ. तिच्या पुढची दुसरी दाढही अनेकांत बरीच जवळ असते. पहिली दाढ बहुतेकांत सुरक्षित अंतरावर. पुढे उपदाढांपाशी नस बाहेर पडते, म्हणून तिथे पुन्हा जपावं लागतं. वरच्या अक्कलदाढेचा या नसेशी काहीच संबंध नाही. वरच्या दाढांची मुळं नाकाशेजारच्या पोकळीजवळ असतात, तो प्रश्न निराळा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ३८ किंवा ४८ असा आकडा असेल तर ती खालची अक्कलदाढ, डावी ३८ आणि उजवी ४८. काढायची दाढ तीच आहे ना, हे रुग्णाने आकडा दाखवून विचारलं तर कोणत्याही डॉक्टरांना राग येऊ नये.

गावातल्या दवाखान्यात बहुधा तोंडात बोटाएवढी फिल्म किंवा सेन्सर धरून छोटा एक्स-रे काढतात. कीड किती खोल गेली हे त्यात छान दिसतं, पण अक्कलदाढेचं पूर्ण मूळ आणि त्याखालचा बोगदा त्यात बरेचदा मावत नाही. त्यासाठी ओपीजी काढावा लागतो. यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे एका लांबट फोटोत उलगडून दिसतात. काहीशे रुपयांत होतो, किरणांची मात्राही थोडी असते. गरोदर बाईने मात्र फोटोआधी तसं सांगावं.

हा फोटो रुग्णालाही थोडाफार वाचता येतो. डॉक्टरांना म्हणावं, बोगदा दाखवा. हाडाच्या करड्या रंगात एक गडद पट्टा दिसतो, त्याच्या वर आणि खाली दोन बारीक पांढऱ्या रेघा. त्या रेघा म्हणजे बोगद्याच्या हाडाची भिंत. पेन्सिलीचं टोक वरच्या पांढऱ्या रेघेवर ठेवून मागे मागे न्यावं. अक्कलदाढेच्या मुळाखालून रेघ अखंड गेली असेल आणि मूळ तिच्या वरच थांबलं असेल, तर बहुतेक वेळा चिंता नाही. मूळ जिथे पट्ट्यावर येतं तिथेच रेघ तुटली असेल, मुळाचा तेवढा तुकडा बाकीच्यापेक्षा काळपट दिसत असेल, किंवा बोगदा तिथे वाकून गेला असेल, तर मूळ आणि नस यांच्यातली हाडाची भिंत पातळ झाली आहे किंवा उरलेलीच नाही, अशी शंका घ्यायची. ब्रिटनमधल्या रूड आणि शेहाब या दोघांनी १९९० मध्ये अशा ७ खुणांची छाननी केली. त्यांतल्या याच तीन खुणांचा नसेच्या इजेशी सर्वांत ठळक संबंध त्यांना आढळला. तीस वर्षं उलटली तरी आजही सर्जन फोटोत आधी त्याच शोधतात.

ओपीजीची एक मर्यादा आहे. तो सपाट फोटो आहे. मूळ आणि बोगदा एकमेकांवर आलेले दिसले, तरी प्रत्यक्षात बोगदा मुळाच्या गालाकडच्या बाजूने मोकळा गेलेला असू शकतो. अशा वेळी सीबीसीटी नावाची तपासणी करतात. तीत जबड्याचे पातळ काप दिसतात आणि बोगदा मुळाच्या खाली आहे, गालाकडे आहे की जिभेकडे, मधे हाड आहे की नाही, हे कळतं. खर्च ओपीजीच्या कितीतरी पट आणि किरणांची मात्राही जास्त, म्हणून प्रत्येक अक्कलदाढेसाठी ती मागू नये आणि डॉक्टरांनीही सरसकट लिहू नये. ओपीजीत वरच्या खुणा दिसल्या तर मात्र ती सांगितल्याबद्दल संशय घेऊ नये. सीबीसीटी केली म्हणून नसेची इजा आपोआप टळते, असं अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. तिचा उपयोग दाढ कुठून फोडायची, कोणत्या बाजूने उचलायची आणि मुळात पूर्ण काढायची का, हे ठरवायला होतो.

सेलूच्या लोकांना यासाठी फार लांब जावं लागत नाही, ही मोठी सोय आहे. वर्ध्याला लागून असलेल्या सावंगी (मेघे) इथे १९९१ पासून शरद पवार दंत महाविद्यालय आहे, आणि नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून. दंत महाविद्यालयात दातांचे फोटो काढणारा विभाग आणि तोंडाच्या शस्त्रक्रियेचा विभाग एकाच आवारात असतात. फोटो पाहणारा आणि दाढ काढणारा एकमेकांशी बोलू शकतात. अवघड दाढेच्या बाबतीत ही गोष्ट फार मोलाची. तिथे विद्यार्थी हात लावतात म्हणून काही जण बिचकतात. पदव्युत्तर विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. तरीही ‘दाढ नसेला लागून आहे, वरिष्ठ डॉक्टर हजर राहतील ना?’ असं विचारायचा हक्क रुग्णाला आहे. जवळच्या दवाखान्यातच काढायची असेल, तर डॉक्टरांचं शिक्षण आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहावा. अशा दाढेसाठी तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेत एमडीएस केलेले सर्जन असतील तर उत्तम. पुष्कळ खासगी दवाखान्यांत ते ठरलेल्या वारी येतात.

बाजारच्या दिवशी रस्त्याच्या कडेला दात उपटून देणाऱ्याकडे खालची अक्कलदाढ घेऊन जाऊ नये. तिथे ना फोटो, ना निर्जंतुक हत्यारं, आणि मूळ आत मोडलं तर पुढे काय करायचं याचं उत्तर नाही.

मुळात अक्कलदाढ काढावीच का? न दुखणारी, न किडलेली, हाडात शांत बसलेली दाढ केवळ ‘पुढे त्रास देईल’ म्हणून काढू नये, अशी सूचना ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने २००० सालीच दिली आहे. सगळे देश इतके ठाम नाहीत, पण दाढ नसेला लागून असेल तेव्हा हे मत मनावर घेण्यासारखं आहे. उलट दाढेवरची हिरडी पुन्हा पुन्हा सुजत असेल, दाढ किडली असेल, तिच्या तिरकेपणामुळे पुढची चांगली दाढ किडत असेल, किंवा फोटोत तिच्याभोवती गाठीसारखी पोकळी दिसत असेल, तर वाट पाहण्यात नुकसान आहे. अक्कलदाढेची मुळं साधारण १८ ते २५ या वयात पूर्ण होतात. त्या सुमारास हाड लवचीक असतं, जखम लवकर भरते. पस्तिशी-चाळिशीनंतर हाड कडक होत जातं, दाढ हाडाला घट्ट धरून बसते आणि नसेचा धोकाही वाढतो. दोन-चार वेळा सूज येऊन गेलेल्या पंचविशीतल्या मुलाने ‘पुढच्या हंगामानंतर’ करत दहा वर्षं काढणं म्हणूनच तोट्याचं.

सूज असताना मात्र घाईने दाढ काढायला लावू नये. डॉक्टर आधी सूज उतरवतात, मग तारीख देतात. तोंड उघडेनासं झालं, गिळताना त्रास होऊ लागला, सूज जबड्याखाली मानेकडे उतरली किंवा ताप चढला, तर ती रात्रीच रुग्णालय गाठायची वेळ आहे. त्या सुजेने श्वास कोंडू शकतो. दुखऱ्या दाढेत तंबाखू दाबणं किंवा हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी धरून ठेवणं यांनी हिरडी भाजते, दुखणं जात नाही.

विदर्भात या विषयात खर्ऱ्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुपारीची भरड, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेला खर्रा पानठेल्यावर मिळतो आणि दिवसभर गालात राहतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा घोटणं थांबलेलं नाही. सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू पांढरट, ताठ होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. अक्कलदाढ तोंडात सर्वांत मागे. तोंडच नीट उघडलं नाही तर इंजेक्शन योग्य जागी देणं अवघड, दाढ दिसणं अवघड, ती तुकडे करून काढणं त्याहून अवघड. आणि नीट न दिसणाऱ्या जागी जोर लावला गेला, तर त्याचा भार शेवटी खालच्या नसेवर येतो. घरच्या घरी करायची एक साधी तपासणी आहे: स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहावी. तिन्ही शिरत नसतील तर दाढ दुखत नसली तरी दाताच्या डॉक्टरांना दाखवावं. हा आजार पुढे कॅन्सरकडे वळू शकतो, त्यामुळे दाढेपुरता विचार करून थांबू नये.

फोटोत धोका दिसला तर सर्जनसमोर तीन वाटा असतात. पहिली, दाढेला त्रास नसेल तर ती तशीच ठेवून काही काळाने पुन्हा फोटो काढून पाहणं. दुसरी, दाढ अख्खी उपटण्याऐवजी तिचे तुकडे करून एकेक मूळ स्वतंत्रपणे, त्याच्या वळणाच्या दिशेने काढणं. यात वेळ लागतो, पण खाली दाब कमी पडतो. हाड आणि दाढ कापताना यंत्राचा आवाज मोठा होतो आणि जबडा थरथरतो. बधिरता पूर्ण असेल तर दुखत नाही, नुसता दाब जाणवतो.

तिसरी वाट आपल्याकडे कमी लोकांना माहीत आहे. तिला कोरोनेक्टॉमी म्हणतात. दाढेचा वरचा भाग कापून काढतात, नसेला चिकटलेली मुळं हाडात तशीच ठेवतात आणि वर हिरडी शिवून टाकतात. ऐकताना अर्धवट काम वाटतं, पण ते जाणूनबुजून केलेलं असतं. लंडनमध्ये तारा रेंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नसेला धोका असलेल्या अक्कलदाढाच निवडल्या होत्या. पूर्ण काढलेल्या १०२ दाढांपैकी १९ प्रकरणांत नस दुखावली. ठरल्याप्रमाणे मुळं आत ठेवता आली अशा ५८ दाढांमध्ये एकाही रुग्णाची नस दुखावली नाही. मात्र आणखी ३६ दाढांमध्ये वरचा भाग कापताना मुळं हलली म्हणून तीही काढावी लागली, आणि त्यांतल्या ३ जणांना इजा झाली.

या पद्धतीला अटी आहेत. कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत गेली असेल, मुळाशी पू असेल, दाढ हलत असेल किंवा बोगद्याच्या लांबीला समांतर आडवी पडली असेल, तर ती करत नाहीत. आत ठेवलेली मुळं पहिल्या वर्षात काही मिलिमीटर वर सरकतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण सरकताना ती नसेपासून दूर जातात. पुढे कधी काढावी लागलीच तर तेव्हा काम सोपं झालेलं असतं. दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता मात्र रुग्णाने आधीच मान्य करायला हवी. शिवाय नंतर कुठल्याही डॉक्टरांकडे गेल्यावर ‘मुळं मुद्दाम ठेवली आहेत’ हे सांगावं, कागद जपून ठेवावा, नाहीतर फोटो पाहणाऱ्याला आधीचं काम चुकलं असं वाटतं.

आणखी एक नस इथे शेजारीच असते, तिचा उल्लेख राहू नये. जिभेची संवेदना आणि चव वाहणारी नस अक्कलदाढेच्या आतल्या बाजूला, हिरडीच्या अगदी जवळून जाते. ती हाडात नसल्यामुळे ओपीजीत किंवा सीबीसीटीत दिसत नाही. तिला सांभाळणं पूर्णपणे सर्जनच्या हातावर आहे. संमतिपत्रकात ओठाबरोबर जिभेच्या बधिरतेचाही उल्लेख असतो तो यासाठी. ते पत्रक मराठीत मागावं, घरी नेऊन वाचता आलं तर फारच चांगलं, आणि न वाचता अंगठा किंवा सही करू नये.

शस्त्रक्रियेआधी स्वतःहून सांगायच्या गोष्टी: मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधं किंवा इंजेक्शनं, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी, आधी कधी ओठ किंवा जीभ बधिर राहिली होती का. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांनी तसं सांगितलं नसेल तर उपाशी जायची गरज नसते. उलट पोटभर जेवून जावं, कारण नंतर काही तास नीट खाता येत नाही. काम सोडून चार-पाच दिवस मिळतील अशी तारीख घ्यावी. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, हे माहीत असलं म्हणजे घाबरायला होत नाही. पहिला दिवस गुळण्या नाहीत, थुंकणं नाही, गरम चहा नाही. नंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या. मऊ खिचडी, वरण-भात, दही चालतं. विडी, तंबाखू आणि खर्रा निदान आठवडाभर तरी बंद. खळग्यातली रक्ताची गुठळी निघून गेली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका मारतो, आणि विडी ओढणाऱ्यांत हे जास्त होतं.

ओठाकडे लक्ष ठेवण्याची वेळ त्याच संध्याकाळी सुरू होते. इंजेक्शनची बधिरता काही तासांत उतरते. दुसऱ्या दिवशी सकाळीही अर्धा ओठ आणि हनुवटी जड असेल, तर त्याच दिवशी दाढ काढलेल्या डॉक्टरांना कळवावं. टाके काढायला जाऊ तेव्हा सांगू म्हणून थांबू नये. तोवर घरी एक नोंद करून ठेवता येते. रुग्णाने डोळे मिटायचे. घरातल्या कुणी कापसाच्या पिळलेल्या टोकाने चांगल्या बाजूच्या गालापासून हनुवटीकडे हळूहळू यायचं आणि स्पर्श जिथे बदलतो तिथे पेनाने ठिपका द्यायचा. ओठावर, हनुवटीच्या कडेला, खाली, असे आठ-दहा ठिपके दिले की बधिर भागाचा नकाशा तयार होतो. त्याचा मोबाइलवर तारखेसह फोटो काढायचा. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच करायचं. भाग आकसत चालला, मुंग्या येऊ लागल्या तर नस सुधारत आहे. डॉक्टरांनाही ‘थोडं बरं वाटतं’ यापेक्षा हे दोन फोटो जास्त सांगतात.

नस नुसती दाबली गेली असेल तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत संवेदना परतते. आतले तंतू तुटले असतील तर ते नव्याने वाढतात, पण दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर. अक्कलदाढेपासून ओठापर्यंतचं अंतर पाहता दोन-तीन महिने वाट पाहायला सांगणं म्हणजे टाळाटाळ नव्हे. मात्र दोन गोष्टींत थांबायचं नसतं: तीन महिन्यांनीही स्पर्श अजिबात कळत नसेल, किंवा बधिरतेबरोबर जळजळ, विजेसारखे झटके येत असतील. तेव्हा जबड्याच्या नसा शिवण्याचा अनुभव असलेल्या सर्जनकडे पाठवा, असं स्पष्ट मागावं. नसेची दुरुस्ती जितकी लवकर तितकी यशाची शक्यता जास्त. बी-१२च्या गोळ्या आपल्याकडे सर्रास दिल्या जातात. त्यांनी फारसा अपाय नाही, पण त्या घेतोय म्हणून तपासणी पुढे ढकलू नये. बधिर ओठ असताना चहा आधी बोटाने पाहावा, ओठ चावला जातोय का ते आरशात पाहावं, दाढी जपून करावी.

दाढ न काढताही ही नस दुखावू शकते. खालच्या दुसऱ्या दाढेची रूट कॅनॉल करताना औषध किंवा भरलेला मसाला मुळाच्या टोकातून बोगद्यात उतरला, तर इंजेक्शन उतरल्यावरही ओठ बधिर राहतो किंवा प्रचंड जळजळतो. इथे तासांना किंमत आहे. एक-दोन दिवसांत तो मसाला बाहेर काढला तर नस वाचण्याची आशा जास्त, म्हणून रात्र असली तरी फोन करावा. खालच्या मागच्या दातांच्या जागी इम्प्लांट बसवताना बोगद्यापासून निदान २ मिलिमीटर अंतर ठेवतात. दात पडून बरीच वर्षं झालेल्या माणसाचं हाड वरून झिजून नस वर आलेली असते, तेव्हा मोजमाप न करता इम्प्लांट बसवून घेऊ नये. बसवल्यावर ओठ बधिर राहिला तर हेही त्याच दिवशी सांगायचं.

आणि एक वेगळी तक्रार, जिच्याकडे घरात फारसं कुणी लक्ष देत नाही. दाढ काढलेली नाही, इंजेक्शन घेतलेलं नाही, मार लागलेला नाही, तरी हनुवटीचा एक भाग किंवा अर्धा खालचा ओठ बधिर झाला आहे, अशी माणसं अधूनमधून येतात. कधी कारण दाताच्या मुळाशी साचलेला पू असतो, पण कधी जबड्यातली गाठ असते, तोंडाचा कॅन्सर हाडात शिरलेला असतो, किंवा शरीरात दुसरीकडे असलेल्या कॅन्सरची ती पहिली खूण असते. तंबाखू खाणाऱ्या माणसाने तर ही तक्रार एक आठवडाही अंगावर काढू नये. अशा वेळी दंत महाविद्यालयात किंवा मोठ्या रुग्णालयात जाऊन बधिरता कधीपासून आहे हे तारखेसह सांगावं, जुने फोटो असतील ते सोबत न्यावेत आणि ओपीजी त्याच दिवशी काढून मागावा.